पाणंद रस्त्यासाठी पहिली फोर बाय फोर गाडी: निवड कशी करावी?

पावसाळ्यात गावापासून शेतापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर हा अनेक शेतकऱ्यांचा खरा प्रश्न असतो. डांबरी रस्ता संपला की पाणंद सुरू होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे साधी कार पोटावर बसते. तोडलेला भाजीपाला बांधावरच राहतो, रात्री मोटार बंद पडली तर शेतात जाता येत नाही, घरातील आजारी माणसाला वस्तीवरून बाहेर काढताना ट्रॅक्टर शोधावा लागतो. पीक पाहणी आणि पंचनाम्यासाठी फिरणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांचीही हीच अडचण असते. त्यामुळे पहिली किंवा दुसरी चारचाकी घेताना ‘फोर बाय फोरच घेऊ’ असा विचार आता गावोगावी होतो.

मात्र ही गाडी वर्षातील बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावरच चालणार असते. चिखलाचे दिवस थोडे, पण हप्ता आणि इंधनाचा खर्च बाराही महिने. म्हणून शोरूममध्ये जाण्यापूर्वी आपला रस्ता मोजावा आणि मग गाडी ठरवावी.

आधी रस्ता मोजा

एका पावसाळ्याची नोंद वहीत ठेवली तरी निम्मा निर्णय होतो. पुढील पाच गोष्टी लिहून काढाव्यात.

- वर्षातील किती दिवस सध्याची गाडी शेतापर्यंत जात नाही? दहा दिवस आणि साठ दिवस यांत मोठा फरक आहे.
- नेमकी अडचण कोणत्या जागी येते? बहुतेक वेळा संपूर्ण रस्ता खराब नसतो. एखादा खोलगट भाग, ओढ्याचा उतार किंवा बांधावरची चढण एवढीच जागा अडवते.
- ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधील मधला उंचवटा किती? टेपने मोजावा. तो आठ-नऊ इंचांच्या वर असेल तर बहुतेक गाड्यांचे पोट तिथे टेकते. मग चारही चाकांना ताकद असून उपयोग होत नाही.
- रस्त्याची रुंदी किती, गाडी वळवायला जागा कुठे?
- रोजचे डांबरी रस्त्यावरचे अंतर किती, सोबत माणसे किती आणि माल कोणता?

अडचण एकाच पन्नास फुटांच्या जागेत असेल, तर तिथे मुरूम टाकून बाजूने चर काढणे हे गाडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून हे काम केले तर त्याचा फायदा सर्वांच्या ट्रॅक्टरला आणि बैलगाडीलाही होतो. पाणंद रस्त्यांसाठी राज्यात २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना सुरू झाली, सध्या कोणती योजना लागू आहे याबाबत ग्रामपंचायतीत चौकशी करावी. रस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. रस्ता सुधारण्याचा मार्ग बंद असेल, किंवा अडचणीचे दिवस आणि जागा जास्त असतील, तरच पुढचा विचार करावा.

टू व्हील, ऑल व्हील आणि फोर बाय फोर

साध्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना मिळते. चारही चाकांना ताकद देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. विक्रीच्या वेळी दोन्हींचा उल्लेख एकाच दमात होतो, पण त्यांचे काम वेगळे आहे.

*ऑल व्हील ड्राइव्ह:* ही गाडी एरवी मुख्यतः पुढच्या चाकांवर चालते. चाक घसरू लागले की क्लचच्या साहाय्याने मागच्या चाकांनाही ताकद मिळते. चालकाला फारसे काही करावे लागत नाही. ओल्या घाटात, मुरमाड रस्त्यावर आणि हलक्या चिखलात ही पद्धत चांगली. मात्र खोल चिखलात बराच वेळ चाके फिरवली तर हा क्लच तापतो आणि मागच्या चाकांची ताकद तात्पुरती बंद होते. अशा बहुतेक गाड्यांत ‘लो’ गिअर नसतो.

*फोर बाय फोर:* यात ट्रान्सफर केस नावाचा वेगळा गिअरबॉक्स असतो. दुसऱ्या लहान लिव्हरने किंवा बटणाने ‘टू हाय’, ‘फोर हाय’ आणि ‘फोर लो’ असे पर्याय निवडता येतात. ‘फोर लो’ मध्ये चाकांवरची ओढ साधारण दोन ते अडीच पटींनी वाढते आणि वेग तितकाच कमी होतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नांगरट लो गिअरमध्ये होते, टॉप गिअरमध्ये नाही. ओढ्याच्या तीव्र चढावर भरलेली गाडी क्लच न जाळता हळू चढवायची आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनाच्या बळावर उतरवायची, तर ‘फोर लो’ लागतो.

एक सावधगिरी महत्त्वाची. महिंद्रा थार, थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन या गाड्या टू व्हील आणि फोर बाय फोर अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. बाहेरून त्या जवळपास सारख्याच दिसतात. बुकिंगच्या पावतीवर आणि कोटेशनवर ‘फोर बाय फोर’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. जुनी गाडी घेताना लिव्हर किंवा बटण स्वतः पाहावे.

चार चाके असूनही गाडी का रुतते?

डिफरन्शिअलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला पकड कमी, ते चाक मोकळे फिरू लागते आणि पकड असलेल्या चाकाला पुरेशी ओढ मिळत नाही. त्यामुळे साध्या फोर बाय फोरमध्येही पुढचे एक आणि मागचे एक चाक घसरले, तर गाडी जागेवर थांबते. चाकोरीत एक चाक वर आणि एक खाली गेले की नेमके हेच होते.

यावर दोन उपाय असतात. पहिला, घसरणाऱ्या चाकाला गाडी आपोआप ब्रेक लावते आणि ताकद दुसऱ्या चाकाकडे वळते. मारुती सुझुकी जिम्नीमध्ये ही सोय आहे. दुसरा, डिफरन्शिअल लॉक. यात दोन्ही चाके एकत्र फिरतात. ट्रॅक्टरमध्ये पायाने दाबायचा लॉक असतो, तसेच हे काम. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक मिळतात. गाडी घेताना ‘लॉक आहे का, कोणत्या एक्सलला आहे आणि आपण निवडलेल्या प्रकारात आहे का’ हे तीन प्रश्न विचारावेत.

जमीन कोणती, त्यावर निवड

*काळी, भारी जमीन:* मराठवाडा, विदर्भ आणि कृष्णा-भीमा-गोदावरी खोऱ्यांतील काळी माती पाण्याने फुगते आणि टायरला चिकटते. दोन फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून तो गुळगुळीत होतो. इथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा हलके वजन, पोटाखालची उंची आणि खाचा मोकळ्या करणारा टायर यांना महत्त्व आहे. जड गाडी जास्त खोल जाते. काळ्या मातीत मोठा पाऊस झाल्यावर कोणतीही गाडी न घालणे हाच काही दिवसांचा एकमेव उपाय असतो.

*मुरमाड आणि जांभ्याची जमीन:* कोकण आणि सह्याद्रीच्या उतारावर चिखल कमी, पण चढ तीव्र, दगड सुटे आणि रस्ता अरुंद असतो. इथे ‘फोर लो’ आणि आखूड गाडी कामाला येते. चढ हलका असेल तर ऑल व्हील ड्राइव्हही पुरते.

*वाळू आणि नदीकाठची पोयटा जमीन:* टायरमधील हवा कमी केली तर मोठा फरक पडतो. वेग एकसारखा ठेवावा, मध्ये थांबू नये.

माहितीपत्रकातील कोणते आकडे पाहावेत?

हॉर्सपॉवरचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात असतो, पण शेतरस्त्यासाठी पुढील आकडे अधिक उपयोगाचे आहेत.

- पोटाखालची उंची (ग्राउंड क्लिअरन्स): थार फोर बाय फोर २२६ मिमी, जिम्नी २१० मिमी. तुमच्या चाकोरीच्या मधल्या उंचवट्याशी हा आकडा ताडून पाहावा. गाडी भरल्यावर ती थोडी खाली बसते, हे लक्षात ठेवून एक-दीड इंच राखीव धरावा.
- पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर (व्हीलबेस): तीन दरवाजांची थार २४५० मिमी, पाच दरवाजांची जिम्नी २५९० मिमी, थार रॉक्स २८५० मिमी. अंतर जास्त तर डांबरी रस्त्यावर आराम जास्त, पण बांध ओलांडताना पोट टेकण्याची शक्यताही जास्त.
- वजन: जिम्नी साधारण १२०० किलोची आहे. डिझेल फोर बाय फोर गाड्या त्याहून बऱ्याच जड असतात.
- पुढचा आणि मागचा चढकोन: ओढ्यात उतरताना पुढचा बंपर आणि वर येताना मागचा बंपर टेकणार का, हे यावरून कळते.
- पाण्यातून जाण्याची खोली: थारसाठी ६५० मिमी आणि गुरखासाठी ७०० मिमी असे कंपन्या सांगतात. हा आकडा साचलेल्या, तळ माहीत असलेल्या पाण्यासाठी आहे, पुराच्या पाण्यासाठी नाही.

बाजारातील पर्याय

*मारुती सुझुकी जिम्नी:* १.५ लिटर पेट्रोल इंजिन, ‘फोर लो’ सर्व प्रकारांत. हलकी, अरुंद आणि पाणंदीत सहज वळणारी. आसने चारच. मागची आसने उभी असताना सामानाची जागा २०८ लिटर, म्हणजे दोन-तीन पिशव्या. एकट्या-दुकट्याने रोज ये-जा करणारा शेतकरी किंवा क्षेत्रभेटी करणारा कर्मचारी यांना सोयीची. डिझेल मिळत नाही.

*महिंद्रा थार, तीन दरवाजे:* फोर बाय फोर प्रकारात २.० लिटर पेट्रोल किंवा २.२ लिटर डिझेल. ओढ चांगली. मात्र मागे बसण्यासाठी पुढचे आसन सरकवून चढावे लागते. घरात वयस्कर माणसे असतील तर त्यांना सोबत घेऊनच गाडी पाहावी.

*महिंद्रा थार रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एन:* कुटुंबासाठी जागा भरपूर, लांबच्या प्रवासाला चांगल्या. दोन्हींत फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये. गाडी मोठी आणि जड असल्याने अरुंद पाणंदीत त्रास होतो.

*फोर्स गुरखा:* २.६ लिटर डिझेल, दोन्ही डिफरन्शिअल लॉक, तीन किंवा पाच दरवाजे. सर्वांत वाईट रस्त्यासाठी मजबूत. रोज शहरात जाणाऱ्यांनी ती गर्दीत चालवून पाहिल्याशिवाय ठरवू नये. जवळचे सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे, हे आधी पाहावे.

*पिकअप प्रकार:* महिंद्रा बोलेरो कॅम्परसारख्या दोन रांगांच्या पिकअपमध्येही फोर बाय फोर मिळते. क्रेट, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडले नेणाऱ्यांना हा पर्याय व्यवहार्य. नोंदणी मालवाहू म्हणून होते की खासगी, हे डीलरकडून लेखी घ्यावे. मालवाहू वाहनाचा कर आणि विमा वेगळा असतो, तसेच पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते.

टायर: सर्वांत स्वस्त सुधारणा

महामार्गाच्या टायरवर चालणारी फोर बाय फोर ओल्या काळ्या मातीत निरुपयोगी ठरते. त्याउलट चांगले टायर लावलेली, पुरेशा उंचीची साधी गाडी बऱ्याच दिवशी पार होते. डांबर आणि शेतरस्ता असा दोन्ही वापर असेल तर ‘ऑल टेरेन’ टायर घ्यावेत. ‘मड टेरेन’ टायर चिखलात चांगले, पण डांबरावर आवाज करतात, लवकर झिजतात आणि पावसात ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते. रोज ४० किलोमीटर डांबरावर चालणाऱ्याने ते टाळावेत.

चिखल किंवा वाळूपूर्वी हवा २० पीएसआयच्या आसपास आणली तर टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरावर येताच हवा पुन्हा कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत भरलीच पाहिजे. कमी हवेवर वेगाने गाडी चालवली तर टायर तापून फुटू शकतो. गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप सोबत ठेवावा.

रोजचा खर्च मांडा

समजा तुम्ही रोज ४० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस गाडी चालवता. हे १२,००० किलोमीटर झाले. साध्या गाडीने लिटरला १८ किलोमीटर दिले तर ६६७ लिटर लागतील. जड फोर बाय फोरने १२ किलोमीटर दिले तर १,००० लिटर. फरक ३३३ लिटरचा. लिटरचा दर ९५ रुपये धरला तर वर्षाला सुमारे ३१,६०० रुपये. यात मोठे टायर, जादा विमा आणि फोर बाय फोर प्रकाराची जादा किंमत धरलेली नाही.

आता ही रक्कम नोंदवहीतील अडचणीच्या दिवसांशी ताडून पाहा. वर्षात दहाच दिवस अडत असतील तर गाडी डांबरावर लावून चालत जाणे किंवा त्या दिवशी ट्रॅक्टर वापरणे परवडते. साठ दिवस अडत असतील, रोज दूध किंवा भाजी बाहेर काढायची असेल किंवा वस्ती शेतातच असेल, तर हा खर्च योग्य ठरतो. पिकाच्या एका हंगामाच्या भरवशावर मोठा हप्ता मात्र घेऊ नये.

जुनी गाडी घेताना

- गाडी लिफ्टवर चढवून चेसिसचा गंज, वेल्डिंगच्या खुणा आणि तेलगळती पाहावी.
- ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शिअलचे तेल काढून पाहावे. ते दुधासारखे झाले असेल तर आत पाणी गेलेले आहे.
- पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना, हे पाहावे.
- मातीच्या मैदानावर ‘फोर हाय’ आणि ‘फोर लो’ दोन्ही लावून गाडी चालवावी. लिव्हर अडकणे, गिअर सुटणे किंवा खडखड आवाज येणे ही मोठ्या खर्चाची लक्षणे आहेत.
- चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्याच झिजीचे असावेत.
- खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर नूतनीकरण करावे लागते. उरलेली मुदत किमतीत धरावी.

गाडी आल्यावर हे टाळा

*वाहत्या पाण्यात गाडी घालू नका.* फोर बाय फोर घेतल्यावर सर्वांत मोठा धोका हा फाजील विश्वासाचा असतो. साधारण एक फूट वाहते पाणी छोटी गाडी तरंगवू शकते आणि दोन फूट वाहते पाणी मोठ्या गाड्याही ओढून नेते. चाके जमिनीवरून सुटली की ती चार फिरतात की दोन, याला अर्थ राहत नाही. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे. पाणी शिरून इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये, इंजिन आतून तुटते. साध्या विम्यात असे नुकसान बहुधा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावे लागते.

*कोरड्या डांबरावर ‘फोर हाय’ लावून चालवू नका.* ट्रान्सफर केसच्या गाडीत पुढची आणि मागची चाके एकत्र जोडली जातात. वळणावर त्यांना वेगवेगळे अंतर कापायचे असते. माती थोडी घसरू देते, कोरडे डांबर घसरू देत नाही. त्यामुळे ताण गिअरवर येतो.

*फोर बाय फोरने ब्रेक लवकर लागतात असे समजू नका.* पकड वाढते ती पुढे जाण्यासाठी. थांबण्यासाठी चार ब्रेक सर्वच गाड्यांना असतात. उंच गाडी वळणावर वेगात उलटण्याचा धोका जास्त.

*वापसा नसताना शेतात गाडी नेऊ नका.* ओल्या मातीवर चाके फिरली की माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि त्या पट्ट्यात पाणी साचते. गाडी बांधावर थांबवून आत चालत जावे.

*गाडी रुतली तर चाके गरगर फिरवू नका.* ती आणखी खोल जातात. फावड्याने चाकापुढची माती काढावी, खाली तुराट्या, पाचट किंवा दगड टाकावेत, हवा कमी करावी आणि ‘फोर लो’ मध्ये हळू बाहेर यावे. ओढायची वेळ आली तर दोर चेसिसच्या हुकालाच बांधावा, बंपरला नाही. दोर ताणलेला असताना जवळ कोणालाही उभे राहू देऊ नये. तुटलेला दोर जीवघेणा ठरतो.

*देखभाल टाळू नका.* चिखलातून आल्यावर चाकांच्या आतील बाजू, ब्रेक आणि रेडिएटरची जाळी धुवावी. चाकात वाळलेल्या मातीमुळे वेगात स्टिअरिंग थरथरते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडे अंतर फोर बाय फोर लावून चालवावे, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरत राहते.

निर्णय थोडक्यात

- अडचणीचे दिवस कमी, रस्ता मुरमाड: पुरेशा उंचीची टू व्हील गाडी आणि चांगले टायर.
- ओला घाट, हलका चिखल, रोजचा लांब प्रवास: ऑल व्हील ड्राइव्ह.
- एकट्या-दुकट्याची ये-जा, काळी माती, अरुंद पाणंद: ‘फोर लो’ असलेली हलकी गाडी.
- कुटुंब मोठे किंवा माल जास्त, चढ तीव्र: डिझेल फोर बाय फोर किंवा पिकअप.

शेवटी, बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी डीलरकडे चाचणीची गाडी तुमच्या पाणंदीपर्यंत आणण्याचा आग्रह धरावा. ते शक्य नसेल तर गावातील त्याच मॉडेलच्या मालकाला पावसाळ्यातला अनुभव विचारावा आणि त्याची गाडी आपल्या अडचणीच्या जागेवर उभी करून टेपने पोटाखालची उंची मोजावी. टेप जे सांगेल, ते माहितीपत्रकापेक्षा खरे.